वर्दी न दिलेला पाहुणा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मिलमधला डाळ निवडायचा सॉर्टर चालू झाला एकदाचा. काळा दाणा अन् पिवळी डाळ एकाच तोंडातून पडत होती, गिऱ्हाईक वापस चाललं होतं. इद्रिसनं काच पुसली, हवेच्या नळ्या काढून फुंकल्या, पुन्हा बसवल्या. दुपारी डाळ सोन्यासारखी.

पोरगं आता डाळीच्या खोलीत न सांगता चप्पल बाहेर काढतं. पहिल्या दिवशी बुटासकट आत आल्तं, मी वरडलो, अरे लक्ष्मी आहे ती, पायताण बाहेर! तेव्हापासून जिथं उंबरा दिसेल तिथं काढतो. परवा परतूरला बँकेतसुद्धा काढून ठेवली. शिपाई हसला. मी म्हणलो, हसू नको, तुझ्यापेक्षा शिस्त आहे त्याला.

इद्रिसला संक्रांतीला नातवानं, ओंकारनं, आणला होता चार दिवसांसाठी. संभाजीनगरला एकाच कॉलेजात दोघं, ह्याचा शेवटचा प्रोजेक्ट तेवढा राहिलाय. सुदानचा. घरी लढाई चालू, पैसा येणं बंद. चार दिवस कधीच सरले. मीच म्हणलो, राहा, कॉलेजची फी मी भरतो.

सौ.ची भाकर बघून म्हणाला, "अम्मा, हमारे घर भी यही ज्वारी. तुम्हारा मोटा, हमारा पतला." सौ. म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं शिकव मला." आईचा फोन लागून राह्यला नव्हता त्या आठवड्यात.

८ फेब्रुवारी, रविवार

बुधवारी इ.चा वाढदिवस. ओंकारनं फोनवर सांगितलं. थोरल्या पोराला, भारतला म्हणलो, स्टँडवर फ्लेक्स लावू. थोरला हसला, "अण्णा, माझ्या वाढदिवसाला कधी लावला न्हाई!" तू घरचा आहेस, म्हणलो.

मजकूर मीच सांगितला. 'आमच्या डाळ मिलचे हेड मेकॅनिक, परदेशी इंजिनिअर मा. इद्रिस साहेब (सुदान) यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' खाली शुभेच्छुक, माझं नाव, मिलचं नाव. फोटोत त्याला माझा फेटा बांधला.

इ.ला मोबाइलवर दाखवलं. त्यानं भा.कडून अर्थ विचारून घेतला. मंग माझ्याजवळ येऊन हळूच, "बाबा, फोटो ठीक. काम मत लिखो. मैं स्टूडेंट है."

लाजतो बिचारा. म्हणलो, "अरे, कामाची लाज धरू नये. मी चौथी शिकलो, बाकी सगळं रद्दीच्या पेपरांनी अन् पान्यानं शिकवलं. आज मिल आहे." पुन्हा म्हणाला, "बाबा, प्लीज." पाठीवर थाप मारली अन् भा.ला म्हणलो, छाप.

११ फेब्रुवारी

लागला फ्लेक्स. स्टँडवर, उसाच्या गुऱ्हाळाशेजारी. लांबून दिसतो. पोरं सेल्फी काढून राहिली. सौ.नं पुरणपोळी केली. इ. स्टँडकडं गेलाच नाही दिवसभर.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

महादेवाच्या देवळाला बंदोबस्त होता. दुपारी ठाण्यातले जमादार मिलमध्ये चहाला आले. भला माणूस. म्हणाले, "अण्णा, तुमचा सायेब बघितला स्टँडवर. दाखवा तरी."

मी काय दाखवलं नाही! सॉर्टर दाखवला, डाळ तळहातावर दिली. म्हणलो, पहाटे उठतो, तीन माणसांचं एकटा करतो, आमच्या मिलचा उजवा हात आहे. इ. मशीनमागं उभा होता. माझ्याकडं बघून मान हलवत होता, नको, नको. मला वाटलं, मोठेपणा नको म्हणतो.

जमादारांनी कप खाली ठेवला.

"अण्णा, ह्याची वर्दी दिल्ती का ठाण्यात?"

"पाहुण्याची वर्दी पोलिसांत देतं का कोणी? चोर हाय का तो?"

"परदेशी पाहुण्याची द्यावी लागते. अन् एक ठरवा. पाहुणा हाय का कामाला हाय? फ्लेक्सवर हेड मेकॅनिक लिहिलंय. आत्ता तुम्हीच म्हणाला, उजवा हात."

चहा अर्धा टाकून गेले. जाताना म्हणाले, वरिष्ठांना सांगावं लागेल, अण्णा, नोकरी आहे माझी. बरोबर आहे त्यांचं.

झाकली मूठ होती. मीच उघडून स्टँडवर टांगली.

१६ फेब्रुवारी

सकाळीच भा.नं फ्लेक्स उतरवला. परतूरला पारसकडं गेलो. संपतलालजी आमची डाळ घ्यायचे, त्यांचा हा पोरगा. वकील. लहानपणी माझ्या मांडीवर बसून गूळ खायचा, आज मला समोर खुर्चीवर बसवून कायदा सांगत होता.

"अण्णा, परदेशी माणूस कामाला ठेवायचा तर त्याच्याकडं नोकरीचा व्हिसा पाहिजे. शिकायच्या व्हिसावर काम करता येत न्हाई. अन् जे काम इथला माणूस करू शकतो त्याला नोकरीचा व्हिसा मिळत न्हाई. पगाराची पण अट हाय, लई मोठी."

आकडा सांगितला. भा. म्हणाला, "एवढा तर मालकाला पडत न्हाई. मीच जातो सुदानला." कोणी हसलं नाही.

मी म्हणलो, पारस, मी मजुरी दिलीच नाही. हजेरीवर नाव नाही. ही इर्जिक आहे. कोणाची पेरणी अडली की आपण जातो, तो जेवू घालतो. तिला नोकरी म्हणतं का कोणी?

"इर्जिक एका दिवसाची असते, अण्णा. तुम्ही खोली दिली, जेवण दिलं, कॉलेजची फी भरली. कायद्यानं हे मेहनतान्यातच बसतं. अन् मुक्कामाची खबर चोवीस तासांत द्यायची असती. ती त्यानं न्हाई, घरमालकानं. तुम्ही."

"मंग शिक्षा मला होईल ना?"

"तुम्हाला कोर्टकचेरी होईल, दंड होईल, जास्त पण होऊ शकतं. त्याचा व्हिसा जाऊ शकतो. देश सोडावा लागेल."

देश सोडून कुठं, हे पारसनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

वापस आलो तर इ. मशीनजवळ नव्हता. ओट्यावर बसला होता, बॅग भरून. म्हणाला, "बाबा, मैंने बोला था." रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

इ.चा पहिला रोजा. सौ.नं परतूरहून खजूर मागवला. तो म्हणाला, अम्मा, चला जाता हूँ, तुम्हारे घर पुलिस आएगी. सौ.नं बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

उद्या ठाण्यात बोलावलंय. दोघांनाही.

रात्री भा. जवळ येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, पारस म्हणतो खरं सांगा. त्याचं काय जातंय? मिलचं लायसन हाय, बँकेचा बोजा हाय, घरात लग्नाची पोरगी हाय. तुम्ही म्हणा, ओंकारचा दोस्त म्हणून आल्ता, मशीनला आपल्या मनानंच हात लावत होता. त्याला वापसच जायचंय आज न उद्या."

मी हो म्हणलो नाही. नाहीही म्हणलो नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी

लिहितो. न लिहून काय होतंय.

साहेबांनी सरळ विचारलं. काही दमदाटी नाही. "अण्णा, हा तुमच्याकडं कामाला होता का?" इ. शेजारी उभा. रोजा. ऊन होतं, ओठ सुकलेले.

मी म्हणलो, "न्हाई साहेब. नातवाचा दोस्त. येऊन-जाऊन असायचा. मशीनला आपल्या मनानंच हात लावायचा. आम्ही काही सांगितलं न्हाई."

"अन् फ्लेक्स?"

"पोरांनी लावला. मला वाचता येत न्हाई फारसं."

रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मी. रोजनिशी लिहिणारा मी.

साहेबांनी इ.ला विचारलं, "ये सच है?" त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली फरशीकडं बघून म्हणाला, "हाँ साहब. बाबा सच बोलते. मैं खुद करता था. बाबा को मालूम नहीं."

लिहून घेतलं. दोघांच्या सह्या.

बाहेर आल्यावर इ.नं खांद्यावर बॅग घेतली अन् परतूरच्या जीपमध्ये बसला. तिथून रेल्वे. "बाबा, अम्मा को सलाम बोलना." एवढंच. खजुराची पुडी घरीच राहिली.

२२ फेब्रुवारी

सौ.ला काल सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती. थांबली नाही. भाकर तव्यावर टाकून, पाणी फिरवून मंग म्हणाली, "राबायला गडी, मिरवायला सायेब, अन् अंगावर आलं तवा वळखीचा न्हाई. बरं जमलं तुम्हाला."

आज बोलली नाही. ताट वाढलं, पाट मांडला, पाणी ठेवलं. बोलली नाही.

२६ फेब्रुवारी

सॉर्टर पुन्हा अडला. कंपनीचा माणूस बोलावलाय. मी हात लावला नाही.

भा.नं तो फ्लेक्स चुनीच्या, डाळीच्या भुशाच्या, पोत्यांवर झाकायला घेतला. उलटा टाकलेला. वारं सुटलं अन् कोपरा पालटला, माझा फेटा दिसला त्याच्या डोक्यावरचा. मी वरून दगड ठेवला. थोड्या वेळानं दगड काढला, फ्लेक्स नीट घडी केला अन् वर माळ्यावर नेऊन ठेवला. चुनी उघडीच. भा. म्हणाला, "दहिवर पडंल की!" पडू दे.

३ मार्च, होळी

ओंकार आला. माझ्या पाया पडला पण हात लांबूनच लावला.

म्हणाला, इद्रिसला नोटीस आली. 'परवानगी नसताना स्वतःहून काम केलं' असा ठपका. उत्तर द्यायचं आहे. व्हिसा रद्द का करू नये ते सांगायचं. शेवटचा प्रोजेक्ट राहिलाय, तो झाला असता तर डिग्री हातात होती.

"आजोबा, तो विचारत होता, रात्री मेसमध्ये भांडी घासू का म्हणून. मीच म्हणलो, आता अजून नको गुंतू." थोडं थांबून, "त्यानं कोणाला तुमचं नाव सांगितलं न्हाई. हॉस्टेलवर पण न्हाई."

गोवऱ्या पेटल्या. सगळे बोंब मारून राहिले. होळीला दुसऱ्याच्या नावानं मारायची असते.

९ मार्च

ओंकारच्या मोबाइलवरून नियम उतरवून घेतले. इंग्रजी होते, पारसनं मराठीत सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहिले. कठीण काही नाही. कठीण वाटलं असतं तर बरं.

साधं आहे. परदेशी माणूस घरी उतरला, सांगा. कामाला ठेवायचा, आधी त्याचा कागद बघा. कागदात काम नसेल तर ठेवू नका, कितीही हुशार असो, कितीही गरजू असो. त्याला नाही म्हणायची अक्कल मालकाला पाहिजे. उपाशी माणूस नाही कसं म्हणेल?

अन् माझ्या उपाशी माणसानं तरी म्हणलं होतं. दोनदा. काम मत लिखो. मशीनमागून मान हलवली ती तिसरी.

सोयाबीनचं बी उगवलं नाही की कंपनीला शिव्या देतो, पिशवीवरचं बारीक अक्षर वाचत नाही. तीच आपली जात. पण बी परत पेरता येतं.

१२ मार्च

पारसकडं एकटा गेलो. भा.ला सांगितलं नाही.

विचारलं, मी आता खरं सांगितलं तर त्याचं नुकसान होईल का अजून?

पारस म्हणाला, "काम केलं, हे तर त्यानं मान्यच केलंय. ते आता पुसत न्हाई. पण आज कागदावर असं दिसतं की चोरून केलं, मालकाला फसवून. तुम्ही सांगितलं की तो नको म्हणत होता, तुम्हीच ठेवला, तुम्हीच फी भरली, तर त्याच्याकडं बघायची नजर बदलू शकते. बदलेलच असं मी म्हणत न्हाई. त्याच्या बाजूला तेवढंच एक वजन हाय, अण्णा. ते तुमच्या हातात."

"अन् माझं?"

"तुमचं वाईट. दोन गुन्हे. ठेवल्याचा एक, पोलिसांना खोटं सांगितल्याचा दुसरा. वय बघतील, न्हाई पण बघतील. मिल..."

मांडीवर गूळ खाणारं पोरगं. डोळ्यात पाणी त्याच्या, माझ्या नाही.

१४ मार्च

भा.ला सांगितलं. आधी ओरडला, मंग हात जोडले.

"अण्णा, तो तुमचा कोण लागतो? सांगा ना. कोण लागतो? त्याच्यासाठी आम्हाला उन्हात बांधता?"

"कोणी लागत न्हाई."

"मंग?"

"म्हणूनच. घरचा असता तर त्यानं भांडून घेतलं असतं माझ्याशी."

भा. उठून गेला. सुनबाईनं दार लावून घेतलं. चुकत नाहीत ते. लायसन माझ्या नावावर असलं तरी भाकर त्यांच्या ताटातली आहे. मी मिरवलो तेव्हा त्यांना विचारलं नाही, आता सरळ व्हायला निघालो तेव्हाही विचारलं नाही. ह्याचीही लाज वाटते. कोणत्या बाजूनं गेलो तरी कोणाच्या तरी पायावर पाय पडतोय.

सौ. मात्र बोलली. पहिल्यांदा. "सदरा कोणता घालणार?"

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. सौ.नं कडुलिंब-गूळ दिला. कडू आधी लागलं.

जालन्याच्या ऑफिसात, परदेशी लोकांची नोंद असते तिथं, तारीख मिळाली, मंगळवारची. इ.लाही त्याच दिवशी बोलावलंय, ओंकार म्हणाला. फोन करावा का? नंबर काढला. ठेवला. काय बोलू? 'बाबा बोलतोय' म्हणायची तोंडात ताकद नाही.

२१ मार्च, ईद

सौ.नं न विचारता शीरखुर्मा केला. शेजारच्या मसुदभाईच्या घरून शिकून आली सकाळी. डब्यात भरला अन् तसाच ठेवला. नेणार कोण?

संध्याकाळी माझा फोन वाजला. त्याचं नाव. उचलायच्या आत बंद झाला. मी लावला, लागला नाही. सौ. म्हणाली, आईला लावताना तुम्हाला लागला असंल, तुमची नावं खालीवर असतील. असंल.

२४ मार्च, मंगळवार. जालना

हे ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

भा. आला सोबत. येणार नाही म्हणत होता. पहाटे गाडी काढून दारात उभा. रस्ताभर बोलला नाही, वाटूरफाट्यावर चहा पाजला. पैसे देताना म्हणाला, "आता सरळ बोला म्हणजे झालं. अर्धं नका बोलू." आत्ता खाली गाडीजवळ उभा आहे.

माझं झालं. आतल्या बाईसाहेबांनी सगळं शांत ऐकलं. मी म्हणलो, आधीचं सांगितलेलं खोटं होतं. मला चांगलं वाचता येतं. फ्लेक्सचा मजकूर माझा. पोरगं काम नको लिहू म्हणालं होतं, मी ऐकलं नाही. ठेवला मी, राबवला मी. तो येतो-जातो म्हणालो, ते जिवाच्या भीतीनं.

बाईसाहेबांनी विचारलं, हे लिहून घेतल्यावर काय होऊ शकतं, माहीत आहे ना? म्हणलो, माहीत आहे, उतरवून घेतलंय.

"बाहेर बसा. निर्णय माझ्या हातात न्हाई, वर जाईल. पण दोघांचं एकदाच पाठवते."

बाहेर आलो तर बाकावर इ. वाळला आहे. दाढी वाढली. मी आल्यावर उठून उभा राहिला, सवयीनं. मी हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले. "बाबा, ऐसा नहीं."

मी म्हणलो, "मी सांगितलं आत. सगळं."

त्याला समजलं का नाही कळेना. मंग म्हणाला, "क्यों बाबा? अब दोनों फँस गए." अन् हसला. मला वाटलं हसला. तोंड फिरवलं होतं त्यानं.

डब्यात भाकर अन् ठेचा आहे, सौ.नं दिलाय. ज्वारीची, यावेळी पातळ थापली आहे. जाड-पातळ कडा झाल्यात, जमली नाही. त्याच्या हातात दिला. उघडला नाही, मांडीवर धरून बसला. मंग आतून त्याचं नाव पुकारलं.

डबा माझ्याकडं देऊन गेला. जाताना दारात थांबला, वाकला, चप्पल काढली. सरकारी ऑफिस. आत सगळे बुटात. आतून कोणी 'घाल' म्हणालं नसेल, किंवा म्हणालं असेल, दार बंद झालं.

दुपार कलली. दार उघडलं नाही अजून. लोक येऊन-जाऊन राहिलेत, पायानं चप्पल इकडंतिकडं होते. मी एकदा उठून सरळ करून ठेवली, पुन्हा कोणाचा पाय लागला. आता बाकाखाली, माझ्या पायाजवळ घेऊन बसलो आहे. डबा मांडीवर.